कोपर कुठे टेकायचं, ते मला विचारा

मी एरोबार बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांनी सायकलची शिंगं म्हणून सोडून दिलंय. लालबागच्या सिग्नलला एका टॅक्सीवाल्यानं माझ्या मालकाला विचारलं होतं, "बॉस, ये सींग कायको लगाया? टॅक्सीवाले को मारने का क्या?" मालकाला उत्तर देता आलं नाही. मला पुढे लावून तो अर्ध्या मुंबईत मिरवत होता, पण मी कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून मीच सांगतो.

रेसच्या सायकलीच्या हँडलवर मधोमध मला बसवतात. पुढे काढलेल्या दोन नळ्या, आणि त्यांच्या मागच्या बाजूला, हँडलच्या जरा वर, दोन छोट्या गाद्या. चालवणाऱ्यानं हँडल सोडून दोन्ही हात ह्या गाद्यांवर टेकायचे, पंजांनी नळ्यांची टोकं अलगद धरायची आणि पाय मारत राहायचं. अंग आखडून लहान होतं, वारा कमी लागतो, ही एक गोष्ट. दुसरी अशी की लांबच्या पल्ल्याला खांदे, मनगटं, तळहात ह्यांना विसावा मिळतो. पहिली गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. दुसरी सांगितली की ह्यांना कमीपणा वाटतो.

माझा जन्म तैवानच्या एका कारखान्यातला. मला खोक्यात भरताना तिथल्या बाईनं माझ्यासोबत सहा चकत्या, थोडे लांब स्क्रू आणि एक कागद ठेवला. चकत्या गाद्यांखाली घालून त्या उंच करायला, कागद वाचायला. हा कागद भारतात कुणी वाचला असेल तर तो किर्तीनं.

किर्ती माझी पहिली मालकीण. गिरगावात राहायची, इमारतींचे नकाशे काढायची. तिनं कागद दोनदा वाचला, सायकल भिंतीला टेकवली, वर बसली आणि आरशात स्वतःला बघत राहिली. सहाच्या सहा चकत्या घातल्या. गाद्या एकमेकींपासून लांब केल्या, खांदे होते तेवढ्या. पहिल्या आठवड्यात मान दुखली, तर गाद्या अर्धं बोट मागे घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात मनगट मुडपतंय असं वाटलं, तर नळ्यांची टोकं जराशी वर केली. एका वेळी एकच बदल, तोही नखाएवढा.

महिन्याभरात तिचे हात माझ्यावर असे पडायला लागले की वजन आहे हे कळू नये. कोपराचं हाड गादीच्या मागे मोकळं, गादीवर फक्त हाताचा मांसल भाग, दंड खांद्यातून सरळ खाली उतरलेला, मुठी सैल. शंभर किलोमीटर करून उतरली तरी कधी हात झटकला नाही. मला वाटलं, माणसं अशीच असतात. काय भाबडा होतो मी.

मग किर्तीला बंगळुरूला नोकरी लागली, सायकल भावाकडे गेली, आणि मी पुन्हा खोक्यात. सोबत त्याच सहा चकत्या, तेच स्क्रू, तोच कागद. मला विकत न्यायला आला हितेंद्र घाडीगावकर.

हितेंद्र एकेचाळीस वर्षांचा, दादरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला. लालबागला जिथे आजोबांची चाळ होती तिथेच आता टॉवर झालाय, त्याच्या सतराव्या मजल्यावर राहतो. घरात बायको अनुजा, शाळेत शिकवते, आणि वडील नाना. मला आपल्या सायकलवर चढवून ती सायकल हितेंद्रनं हॉलमध्ये भिंतीला टांगली. त्यामुळे ह्या घरात काय चालतं ते मी सगळं पाहिलंय. मला कोणी विचारत नाही, एवढंच.

नाना मिलमध्ये जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम होते. मिल कधीच गेली, पण लालबाग-परळात लोक त्यांना ओळखतात ते भजनाचे बुवा म्हणून. डबलबारी तुम्हाला माहीत असेल. दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात, एकानं गायलेल्याला दुसऱ्यानं गाऊन उत्तर द्यायचं. कोकणातल्या माणसाला त्यापुढे जेवणखाण सुचत नाही. नाना पेटी वाजवत गायचे आणि गेली वीस वर्षं त्यांच्या बाजूला पखवाजावर हितेंद्र. तो वाजवायला बसला की भिंतीवर माझे स्क्रू थरथरायचे. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तो हात ऐकला तेव्हा मला हा माणूस आवडला होता. ते काही फार टिकलं नाही.

मी आलो त्याच आठवड्यात नानांनी मंडळाला घरी बोलावून सांगून टाकलं. माघी गणपतीच्या आधीच्या रविवारी परळच्या नाट्यगृहात दुपारी बारी ठरली आहे, ती आपली शेवटची. दम पुरत नाही. वरच्या सुरात गेलं की श्वास तुटतो. सगळे गेल्यावर ते हितेंद्रला म्हणाले, "तुझो हात बाजूक असलो, की माझो दम संपलेलो कोणाक कळणा नाय. एवढी एक बारी निभावून ने."

हितेंद्र हो म्हणाला. मनापासून म्हणाला, हेही मी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मला वैभवकडे घेऊन गेला.

आता हा वैभव कोण, तर त्यांच्या सायकल ग्रुपचा अ‍ॅडमिन. तीसेक माणसं, सगळी चाळिशीच्या आसपास, सगळ्यांची पोटं पुढे आणि टी-शर्ट अंगाला चिकटलेले. पहाटे साडेपाचला जमायचं, लालबागवरून दादर, वडाळा करत खाडीपूल ओलांडून पलीकडे जायचं, परत येताना दादरला मिसळ खायची. सायकलवर दोन तास, मिसळीपुढे दीड. नंतर फोनमध्ये कोणी किती स्पीड काढला त्याची चर्चा. मिसळीचा स्पीड कोणी मोजत नाही, नाहीतर ह्यांनी विक्रम केले असते.

डिसेंबरात नवी मुंबईत नव्वद किलोमीटरची शर्यत होती आणि ग्रुपमधल्या बाराजणांनी नावं दिली होती. वैभवनं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि निकाल दिला. ह्या चकत्या पहिल्या काढून टाक. गाद्या खाली आण, जवळ घे, एकदम जवळ. पाठीवर चहाचा कप ठेवला तरी सांडायला नको. मग फोनवर कुठल्यातरी परदेशी रेसवाल्याचा फोटो दाखवला. तो पोरगा पंचवीस वर्षांचा, अंगावर चरबी औषधालाही नाही, पन्नासच्या स्पीडनं जाणारा. हितेंद्र चोवीसनं जातो. चोवीसच्या स्पीडला हवेला तरी कळतं का, की कोणीतरी आलंय आणि बाजूला व्हायला पाहिजे?

पण फोटो पाहिला आणि झालं. सहा चकत्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये गेल्या, चिमटा आणि जुन्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. कागद कुठे गेला ते देवाला ठाऊक.

मी खाली गेलो, जवळ आलो, आणि हितेंद्रचे हात माझ्यावर येऊन आदळले. हाताचा मांसल भाग गेला पुढे हवेत. गादीच्या मागच्या काठावर आलं कोपराचं हाड, तेही आतल्या बाजूनं. कोपराच्या आत ती एक जागा असते ना, दाराला आपटली की थेट करंगळीपर्यंत मुंग्या जातात, नेमकी ती. अख्ख्या धडाचा भार त्या जागेवर. खांदे कानांना लागलेले, मुठी आवळलेल्या, पोट गुडघ्यांच्या मधे. आणि हा मनातल्या मनात रेसवाला.

पहिल्याच दिवशी वडाळ्याला डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. त्यानं हात झटकला. पुलावर पुन्हा झटकला. परत येईपर्यंत दोन्ही हात झटकत होता. एवढ्यावर शहाणा माणूस खाली उतरतो, पाना काढतो, चार स्क्रू सैल करतो. पाच मिनिटांचं काम.

पण मिसळीच्या टेबलावर काय ऐकलं त्यानं? एक म्हणाला आज माझी दोन बोटं गेली. दुसरा म्हणाला माझी चार. तिसऱ्याचा म्हणे पूर्ण पंजा गेला होता, त्यानं दातांनी बाटली उघडली. आणि सगळे कौतुकानं हसले. अरे, बधिर झालेली बोटं काय छातीवर लावायची पदकं आहेत? स्वतःच्या शरीरानं ओरडून सांगितलेली गोष्ट ही माणसं एकमेकांना पराक्रम म्हणून सांगतात. वैभव म्हणाला, महिन्यात सवय होईल. हितेंद्रला ते पटलं, कारण त्याला ते पटवून घ्यायचं होतं.

सवय झाली नाही. महिन्यानं बोटं दिवसभर जड राहायला लागली. संध्याकाळी पखवाज पुढे घेतला की डावा हात कुठेतरी दबकायचा. तुम्हाला-आम्हाला कळलं नसतं. नानांना चौथ्या मात्रेला कळलं. त्यांनी पेटी थांबवून विचारलं, काय झालं रे हाताला?

इथे तो खरं बोलला असता तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण सायकलीचं नाव काढलं तर नाना शर्यतीला जाऊ देणार नाहीत. म्हणून हा माणूस काय म्हणाला? पखवाज जड पडतोय, नाना. जुना झालाय, कडक झालाय, हाताला मार बसतो.

तो पखवाज नानांनी मिल चालू असताना घेतलेला. त्याच्यावर त्यांच्या सगळ्या बाऱ्या झालेल्या. नानांनी एकदाही शंका घेतली नाही. पोराच्या शब्दावर पखवाज दादरला नेला, दोन्ही तोंडांची कातडी नवी घालून आणली. हात तसाच. मग म्हणाले, लाकूडच जड आहे, तुझ्या आताच्या हाताला नको. दिवाळीत गावी, कणकवलीकडे जायचं होतंच. जुना पखवाज गावच्या देवळात देवाला देऊन यायचा आणि इथे हलका नवा घ्यायचा, असं त्यांनी एकट्यानंच ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळी नाना हॉलमध्ये जमिनीवर बसून पखवाज धोतरात गुंडाळत होते. सावकाश, घडी मोडून पुन्हा घालत. हितेंद्र समोर सोफ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. नाना, राहू दे, पखवाजाचं काही नाही. तो बुटाची नाडी तीनदा बांधत राहिला. मी आजवर बरीच माणसं पाहिली, पण त्या सकाळी मला त्याची जेवढी घृणा आली तेवढी कुणाचीच आली नाही.

अनुजाला कळलं होतं. ती शाळेतली बाई, वर्गात खोटं कोण बोलतंय हे तिला फळ्याकडे तोंड करूनही कळतं. नाना गावाहून परतल्यानंतर एका रविवारी हितेंद्रच्या हातून चहाचा कप सुटला. फरशी पुसता पुसता ती म्हणाली, "ज्या दिवशी सायकल बाहेर जाते त्याच दिवशी कप फुटतो, हितू. मी दोन महिने बघतेय." त्यानं थंडीचं काहीतरी सांगितलं. मुंबईत, नोव्हेंबरात, थंडी. ती फडकं पिळायला आत गेली, आणि हितेंद्रला वाटलं आपण निभावलं.

शर्यत झाली. नव्वद किलोमीटर तो माझ्यावर कोपरं रुतवून गेला. साठानंतर त्याला ब्रेक नीट दाबता येत नव्हता, कारण ब्रेक कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. पुढे एखादी म्हैस आली असती तर ह्याचं नाव पेपरात आलं असतं. दोनशे चौदावा आला. गळ्यात पदक घातलं, ते नीट करायला हात उचलला तर बोटं वळेनात. फोटो ग्रुपवर पडला. वैभवनं खाली लिहिलं, काय पोझिशन आहे भावा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना हितेंद्र आरशासमोर पाच मिनिटं उभा होता. शर्टाचं बटण लागेना. शेवटी अनुजानं लावून दिलं, लहान मुलाला लावतात तसं, वरपासून खालपर्यंत. नाना दारात उभे राहून बघत होते. त्या दिवसापासून त्यांची नजर त्या हातावरून हलली नाही.

बारीला तीन आठवडे राहिले असताना, रविवारी सकाळी, नाना नव्या पखवाजासाठी कणीक भिजवत होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा त्याला खर्ज येतो. हितेंद्र त्याच हॉलमध्ये सायकल स्टँडवर चढवून जागच्या जागी पाय मारत होता. नाना कणीक मळता मळता थांबले. त्यांनी हितेंद्रला इतका वेळ सायकलवर असा कधी पाहिलाच नव्हता. सायकल पहाटे बाहेर जायची तेव्हा ते पूजेत असायचे.

ते उठले, जवळ आले, खाली वाकून माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले की पखवाजाचा मार तळव्याला बसतो, करंगळीला नाही. हे एवढे दिवस त्यांच्या डोक्यात घोळत होतं. पखवाजानं हात गेला असता तर तळवा गेला असता. मग त्यांनी कणकेच्या दोन जाड भाकऱ्या थापल्या, माझ्या दोन्ही गाद्यांवर एकेक ठेवली, वरून पातळ प्लास्टिक घातलं आणि हितेंद्रला नेहमीसारखं टेकून पाच मिनिटं पाय मारायला सांगितलं. मिलमध्ये मशीनचा भार कुठे येतो ते बघायला हा माणूस अशाच काहीबाही युक्त्या करत असणार.

हितेंद्र उतरला. नानांनी प्लास्टिक काढलं. कणीक पुढच्या बाजूला जशीच्या तशी होती, बोटांच्या थापीचे ठसे सुद्धा मोडले नव्हते. मागच्या काठाला मात्र खड्डा, थेट गादीच्या कापडापर्यंत, आणि बाजूनं कणीक पिळून बाहेर आलेली. डावीकडचा खड्डा जास्त खोल होता.

नानांनी त्या खड्ड्यात स्वतःचं बोट घातलं. मग हितेंद्रचं डावं कोपर धरून त्याच जागी आतल्या बाजूनं दाबलं. हितेंद्र कळवळला, करंगळी आपोआप उडाली.

"हाडाच्या टोकार कोण भार देता?" नाना म्हणाले. "कधीपासून होता ह्या?"

हितेंद्र खाली बघत होता. मला वाटलं आता पुन्हा थंडी येणार. पण तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून. पखवाजाचं काहीच नव्हतं, नाना. मला माहीत होतं."

अनुजा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नानांनी दोन्ही गाद्यांवरची कणीक काढून तिचा एक गोळा केला. बराच वेळ तो हातात वळत बसले. हितेंद्र म्हणाला, मी आजच्या आज गावी जातो, पखवाज परत घेऊन येतो.

"आणि देवाक काय सांगशील?" नानांनी विचारलं. "माझो झिल खोटा बोललो, म्हणान चुकान तुका दिलव, आता परत दी?"

देवाला दिलेलं परत मागता येत नाही, आणि पोरगा खोटं बोलला हे देवळात उभं राहून सांगायला नानांची जीभ रेटणार नव्हती.

पुढे जे झालं ते पाहून मला माणसांबद्दलचं माझं मत जरा बदलावं लागलं, फक्त नानांपुरतं. मी म्हटलं आता हा म्हातारा मला खिडकीतून सतरा मजले खाली फेकणार. त्यांनी पाना मागितला. अनुजानं ड्रॉवर उचकून सहा चकत्या आणून दिल्या. नानांनी सहाही घातल्या. गाद्या बाहेर सरकवल्या. हितेंद्रला वर बसवलं आणि म्हणाले, चाळीच्या गॅलरीत कठड्यावर टेकून तासन् तास खालचा गोविंदा बघायचास, तेव्हा कसा टेकायचास? कोपर रुतवून? हितेंद्रनं हात सैल टाकले. कोपर मागे मोकळं राहिलं, हात पसरून गादीवर आले, दंड सरळ उतरले, खांदे कानांपासून खाली आले. नळ्यांची टोकं नानांनी जराशी उचलली, मनगट सरळ झालं. सीट एक बोट पुढे ढकलली. पुन्हा कणीक लावून पाहिली. ह्या वेळी ती पुढे-मागे सारखी दाबली गेली, खड्डा कुठेच नव्हता.

परदेशातले फिटर यंत्रं लावून जे करतात ते ह्या माणसानं पावशेर कणकेत केलं. किर्तीनंतर पहिल्यांदा माझ्यावर कोणी नीट टेकलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण काम झाल्यावर नाना हात धुवायला आत गेले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत.

परळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कोपराशी नस दबून दबून सुजली आहे. बरी होईल, पण तीन-चार महिने लागतील. तोवर हाताला मार नको, म्हणजे पखवाज अजिबात नको. बारीला पंधरा दिवस होते.

बारी झाली. मी ती नंतर टीव्हीवर पाहिली, अनुजानं फोनमध्ये घेतली होती. पखवाजावर भोईवाड्याच्या मंडळातला दीपक होता. चांगला हात आहे त्याचा, उगाच नावं ठेवणार नाही. पण नाना कुठे श्वास घेतात हे त्याला माहीत नाही. हितेंद्र मागच्या ओळीत झांज घेऊन बसला होता, अंगठा आणि दोन बोटांनी धरून. नाना वरच्या सुरात गेले, दम तुटला, आणि तिथे पखवाज पुढे येऊन ती जागा भरून काढायला हवी होती. दीपक थांबला. त्याला वाटलं बुवांना थांबायचंय. नाट्यगृहात एक क्षण नुसती शांतता होती आणि सगळ्यांना नानांचा श्वास ऐकू आला. समोरचे बुवा भला माणूस, त्यांनी पुढचा नामाचा गजर मुद्दाम हलका घेतला. नानांना ते कळलं. बारीत कोण जिंकलं असं कोणी म्हणत नाही, पण घरी येताना सगळ्यांना माहीत असतं.

हितेंद्रनं ती चित्रफीत एकदाच पाहिली. त्या शांततेपाशी त्यानं रिमोट उचलला, आणि मग बंद न करता खाली ठेवला. रडला. अनुजा शेजारी बसून राहिली. मला कीव आली असती, पण मला ती दिवाळीची सकाळ आठवत होती.

आता माझं म्हणाल तर मी मजेत आहे. सहा चकत्यांवर उंच बसलोय, ऐसपैस. गुढीपाडवा उलटला, हितेंद्रची बोटं परत आली. तो महिन्यातून दोनदा सायकल काढतो, वैभवच्या ग्रुपमध्ये जात नाही. साठ किलोमीटर करून येतो, उतरतो आणि हात झटकत नाही. स्पीड पंचवीस. उंच बसल्यानं एकानं वाढला, कारण माणूस दुखत नसलं की नीट पाय मारतो. ग्रुपवाले अजून खाली वाकलेले आहेत, बोटं मोजतायत, मिसळ खातायत. त्यांना माझा एवढाच निरोप आहे. हात मांसावर टेका, कोपर मोकळं सोडा, दुखलं तर खाली उतरा. आणि घरी कोणी विचारलं की हाताला काय झालं, तर त्याच दिवशी सांगा. मी बिनबोलका, माझं ठीक आहे. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे.

परवा संध्याकाळी हितेंद्रनं नवा पखवाज पुढे घेतला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. त्यानं स्वतः कणीक भिजवली, लावली, आणि वाजवायला बसला. दोन्ही हात मोकळे, करंगळीसुद्धा. भिंतीवर माझे स्क्रू थरथरले. पंधरा मिनिटं वाजवलं त्यानं, आणि मधे एका ठिकाणी तो घसरला, मलाही कळलं. नाना खिडकीशी पेपर वाचत होते. सात वर्षांचा होता तेव्हापासून त्याला शिकवताना नानांनी कधी कौतुक केलं नव्हतं. चूक काढायची, पुन्हा वाजव म्हणायचं, कारण पुढे बारी असायची.

हितेंद्र थांबला आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"छान," नाना म्हणाले, आणि त्यांनी पेपराचं पान उलटलं.